गाठीभेटी : दोराचं टोक आणि लायटरचा मोह

मागच्या वेळी न सुटणाऱ्या गाठींवर लिहिलं, तर या खेपेला पत्रांचा गठ्ठा आला तो बरोबर उलट तक्रारीचा. टोकं सुटतात, पेड फिसकटतात, दोराचा झाडू होतो. सगळ्यांना उत्तर देणं जमणार नाही. ज्यांचं पत्र इथे नाही, त्यांना आपलं उत्तर बहुतेक दुसऱ्या कुणाच्या तरी पत्राखाली सापडेल.

प्रश्न : काका, नायलॉनच्या दोरीची टोकं मी दर वेळी लायटरने वितळवून दाबून घेतो. महिना-दीड महिना छान राहतात. मग ती कडक गुठळी तडकते आणि दोरी पुन्हा सुटते. दोरीच वाईट निघते की माझं काही चुकतं?

दोरी बिचारी चांगली आहे. लायटर हाताशी असतो, काम दहा सेकंदांत होतं आणि दिसतं पक्कं, म्हणून सगळेच हे करतात. मीही करायचो.

आधी टोक का सुटतं ते बघा. जुन्या तीन पेडी दोराचा हातभर तुकडा घ्या आणि एक पेड उलगडा. तंतू एका दिशेने पिळले की सूत होतं. ती सुतं उलट दिशेने पिळली की पेड होतो. आणि असे तीन पेड पुन्हा उलट, म्हणजे पहिल्याच दिशेने, वळले की दोर होतो. पेड सैल व्हायला निघाला की दोर आवळतो, दोर सैल व्हायला निघाला की पेड आवळतात. रोज भांडून टिकलेला संसार म्हणा. टोकाला मात्र कुणी कुणाला धरलेलं नसतं, म्हणून उसवायला सुरुवात तिथून होते.

ही युक्ती आपल्या जातीच्या माणसांचीच आहे असंही नाही. फ्रान्समधल्या आब्री द्यु मारा या जागी, निअँडरथल माणसांच्या वस्तीच्या थरात, एका दगडी पात्याला चिकटलेला जेमतेम ६ मिलिमीटरचा दोरीचा तुकडा सापडला. २०२० मध्ये त्याबद्दल प्रसिद्ध झालं. वय ४१ ते ५२ हजार वर्षं. झाडाच्या आतल्या सालीचे तंतू, तीन सुतं, प्रत्येक सुताला एका दिशेचा पीळ आणि तिघांना मिळून उलट दिशेचा. टोक कसं बांधलं होतं हे तेवढ्याशा तुकड्यात कळायला मार्ग नाही. मला नेमकं तेच बघायचं होतं!

आता तुमची गुठळी. लायटरने बाहेरचे तंतू वितळून एकमेकांना चिकटतात. जाड दोर असेल तर आतले बऱ्याचदा तसेच राहतात. वर काचेसारखी कडक टोपी आणि तिच्या खाली लगेच मऊ दोर. दोरी वाकली की सगळा ताण त्या दोहोंच्या सीमेवर येतो. तिथले तंतू एकेक करून तुटतात आणि एक दिवस टोपी निघून येते. दोरी कशाची आहे त्यावरही बरंच अवलंबून आहे. पॉलिप्रॉपिलीन साधारण १६५ अंशांना वितळतं, नायलॉन २२० च्या आसपास, पॉलिएस्टर त्याहून वर, २५५ च्या सुमारास. त्यामुळे एकाच ज्योतीत एकाचं पाणी होतं तेव्हा दुसरं नुसतं घाम गाळत असतं. दोरी कुठली ते ओळखायला एक छोटा तुकडा कापून पाण्यात बुडवून सोडा. तरंगला तर पॉलिप्रॉपिलीन धरून चाला. नायलॉन आणि पॉलिएस्टर बुडतात.

आणि ‘दाबून घेतो’ म्हणजे कशाने? बोटाने असेल तर आजपासून बंद. वितळलेलं नायलॉन कातडीला चिकटतं, झटकून जात नाही. भाजलेलं वाईट, आणि ते सोलून काढणं त्याहून वाईट.

एकतीस वर्षं मी मालवाहू जहाजांच्या डेकवर काढली, त्यातली शेवटची बारा बोसन, म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम म्हणून. सुरुवातीच्या वर्षांत एका जहाजावर मी एका दोराचं टोक असंच घाईत वितळवून ठेवलं होतं. माझ्या जोडीदाराच्या मुठीतून तो दोर सुटला, सरसर पळाला, आणि शेवटी ती गुठळी तळहातावरून गेली. तिची एक कड पात्यासारखी झाली होती. सहा टाके पडले. तो काही बोलला नाही, पण तेव्हाच्या बोसनने मला संध्याकाळी मेणाच्या सुताचं रीळ दिलं आणि सांगितलं, डेकवरच्या प्रत्येक दोराची दोन्ही टोकं, जेवायच्या आधी. जेवण रात्री साडेदहाला झालं.

तर तेच आता तुम्ही करा. याला व्हिपिंग म्हणतात, म्हणजे टोकाशी सुताचे घट्ट वेढे. मेण लावलेलं बारीक मजबूत सूत घ्या. सुताचा एक लांब फास, केसांच्या आकड्यासारखा दुहेरी, दोराच्या अंगावर, दोराच्या लांबीनेच ठेवा. त्याचा गोल भाग दोराच्या टोकाकडे. मग टोकापासून थोडं आत सुरुवात करून, फासासकट दोराला वेढे देत टोकाकडे या. दोराच्या पिळाच्या विरुद्ध दिशेने गुंडाळा, म्हणजे दोर सुटायला बघेल तेव्हा वेढे आणखी आवळतील. वेढा वेढ्याला चिकटून हवा, वर चढलेला नको. प्रत्येक वेढा ओढून घ्या, इतका की सूत बोटाला काचलं पाहिजे. वेढ्यांची पट्टी दोराच्या जाडीएवढी झाली की पुरे, दीडपट झाली तर उत्तम. मग हातातलं सूत त्या फासाच्या गोलातून ओवा आणि फासाचं मागचं मोकळं टोक ओढा. गोल सरकत वेढ्यांखाली जाईल आणि हातातलं सूतही घेऊन जाईल. बरोबर मध्यावर थांबा. जास्त ओढलंत तर सगळं पलीकडून बाहेर येतं, हे प्रत्येकाकडून एकदा होतंच. आता दोन्ही बाजूंची सुतं वेढ्यांना लागून कापा. गाठ कुठे दिसत नाही, कारण गाठ नाहीच.

नायलॉन असेल तर वेढे झाल्यावर टोकाचे मोकळे तंतू ज्योतीजवळ नेऊन हलकेच बसवा. एवढंच. लायटर शेवटी, आणि नावापुरता.

आणखी एक. कापायच्या *आधी* बांधा. दोर कापल्यावर पेड गोळा करत बसण्यात अर्थ नाही. जिथे कापायचं तिथे चिकटपट्टीचे तीन-चार घट्ट फेरे द्या आणि पट्टीच्या मधोमध कापा. दोन्ही तुकड्यांची टोकं जागच्या जागी राहतात.

प्रश्न : तागाच्या आणि सुती दोऱ्यांना जाळून काही होत नाही. टोकाला साधी गाठ मारून सोडली तर चालेल ना?

सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, ही म्हण ज्याने केली त्याने खरोखरीचा सुंभ जाळून पाहिला असणार. वनस्पतीचा तंतू वितळत नाही, जळून राख होतो. त्यामुळे लायटरचा इथे काही उपयोग नाही. गाठ चालते. ती टोकापासून दोन-तीन बोटं आत मारा, पुढचा गोंडा फिसकटला तरी गाठीपाशी थांबतो. पण ते टोक कुठल्या भोकातून ओवायचं असेल तर गाठ अडते, आणि ओली होऊन वाळली की दगड होते. मग ती सोडवायला मला पत्र येतं.

प्रश्न : आम्ही हौशी नाटकवाले. पडद्याच्या दोरांना तुम्ही सांगता तसे सुताचे वेढे दिले, पण दोन-तीन प्रयोगांत पट्टी अख्खी टोपीसारखी निघून येते. दोर कप्पीतून जातो, त्यामुळे जाड गाठ चालत नाही.

वेढे घट्टच दिले असतील याबद्दल शंका नाही. दोर ताणला की बारीक होतो, आणि नायलॉनचा तर फारच ताणतो. तुम्ही वेढे दिले तेव्हाची जाडी ताणात राहत नाही. त्यात कप्पीत घासणं. नुसती साधी पट्टी तिथे टिकत नाही, टाका लागतो.

दाभण घ्या, पोत्याला वापरतात तसलं, आणि मेणाचं सूत दुहेरी ओवा. पहिला टाका एका पेडाच्या आरपार काढा म्हणजे सुताचं मूळ दोरात रुजेल. मग नेहमीसारखे वेढे द्या. पट्टी पुरी झाली की पुन्हा एका पेडाखालून दाभण काढा. तीन पेडी दोराला तीन खोबणी असतात, पेड आणि पेड यांच्या मधली तिरपी घळ. सूत त्या घळीतून वेढ्यांच्या वरून तिरकं दुसऱ्या कडेला न्या, तिथे पुढच्या पेडाखालून काढा, आणि पुढच्या घळीतून परत आणा. असं तिन्ही घळींत, दोन-दोन वेळा. नीट बसलं की पट्टीवर तीन तिरप्या रेघा दिसतात आणि वेढे त्या रेघांखाली डांबले जातात. शेवटी सूत पेडांतून एक-दोनदा आरपार काढून कापून टाका. शिडाचं काम करणाऱ्यांची ही पद्धत, आणि माझ्या मते सगळ्यांत टिकाऊ. एका टोकाला पंधरा-वीस मिनिटं जातात. तुमच्याकडे दोर किती आहेत कुणास ठाऊक, पण तालमीला उशिरा येणाऱ्यांना हे काम द्या.

प्रश्न : बॅक स्प्लाइस शिकतो आहे. मुकुटगाठ जमते, पण पेड आत ओवताना दुसऱ्या फेरीला दोन पेड एकाच फटीतून बाहेर येतात आणि सगळं वाकडं होतं. तीन वेळा सोडलं.

तीन वेळा सोडलंत म्हणजे शिकणार. या पत्राला मी जरा जास्त जागा देणार आहे, कारण ही गोष्ट हातात आली की सुताचं रीळ नसलं तरी अडत नाही. दोराचे स्वतःचेच पेड मागे वळवून दोरात विणायचे.

बारा मिलिमीटरचा दोर धरू. वीतभर पेड उलगडा आणि जिथे थांबलात तिथे तात्पुरती दोरी आवळून बांधा. प्रत्येक पेडाच्या टोकाला चिकटपट्टी गुंडाळून पेन्सिलीसारखं टोक करा. तीन पट्ट्या तीन रंगांच्या घ्या, तुमचं निम्मं दुखणं तिथेच जाईल. लाल, पिवळा, निळा म्हणू.

दोर मुठीत उभा धरा, पेड फुलाच्या पाकळ्यांसारखे खाली पडू द्या. वरून बघताना घड्याळाच्या उलट दिशेने लाल पिवळ्यावरून न्या, पिवळा लाल आणि निळा दोघांवरून वळवा, निळा पिवळ्यावरून आणून लालने केलेल्या कमानीतून खाली काढा. तिघांना सारखं ओढा. ही मुकुटगाठ, ती तुम्हाला येतेच. आता तिन्ही पेड खाली, दोराच्या अंगाकडे तोंड करून आहेत.

खरी गंमत यानंतर. कुठलाही एक पेड घ्या, समजा लाल. दोराच्या अंगावरच्या पेडांकडे बघा. लालच्या शेजारचा जो पहिला पेड, त्याच्या *वरून*, आणि त्याच्या पुढच्याच्या *खालून*. दोर उलट पिळून ती फट उघडा. उघडत नसेल तर निमुळती लाकडी खुंटी घाला. लोखंडी टोच्या घालताना पेडांच्या *मधून* जायचं, पेडाला भोसकायचं नाही. लाल ओढून घ्या, पण अजून पूर्ण नको. मग दोर आपल्याकडे एक तृतीयांश फिरवा आणि पिवळ्याला हेच करा: शेजारच्याच्या वरून, पुढच्याच्या खालून. पुन्हा एक तृतीयांश फिरवा, निळा. दिशा कायम पिळाच्या विरुद्ध.

फेरी झाली की हात थांबवा आणि बघा. तीन फटी, तीन पेड, प्रत्येक फटीतून एकच. तिन्ही एकाच उंचीवर. तुमचा घोटाळा नक्की इथे होतो: पहिल्या फेरीनंतर न बघता दुसरी सुरू करता, आणि दोर हातात फिरताना तुम्ही त्याच पेडाला दुसऱ्यांदा ओवता किंवा एखाद्याला ‘वरून’ न नेता थेट शेजारच्याच्याच खाली घालता. मग एका फटीत दोन आणि एक फट रिकामी. असं दिसलं की फक्त तेवढी फेरी सोडा, मुकुटगाठीपर्यंत जायची गरज नाही.

बरोबर असेल तर आता तिघांना एकेक करून खाली ओढून बसवा आणि दुसरी फेरी. ताग-सुतीला तीन फेऱ्या पुरतात. नायलॉन-पॉलिएस्टर गुळगुळीत, पेड हळूहळू निसटतात; तिथे पाच करा. शेवटच्या फेरीआधी प्रत्येक पेडातली थोडी सुतं कापून त्याला बारीक केलंत तर जोड उतरता होतो, हाताला खुपत नाही. मग जमिनीवर ठेवून बुटाखाली लाटा. पेड आपापली जागा धरतात. राहिलेली टोकं अगदी अंगाला लागून कापू नका, थोडी बाहेर ठेवा. पहिला ताण आला की ती आत जातात.

एवढी मेहनत करून एक दोष उरतोच. टोक जवळपास दीडपट-दुप्पट जाड होतं. बादलीच्या दोराला उत्तम, अंधारात हाताला टोक कळतं. पण वरच्या नाटकवाल्यांच्या कप्पीतून हे जाणार नाही. म्हणून टोकाला काय करायचं ते ठरवण्याआधी मी विचारतो, हे टोक कशातून ओवायचं आहे?

प्रश्न : विणीच्या दोरीचं बाहेरचं आवरण मागे सरकतं आणि आतला गाभा जिभेसारखा बाहेर लोंबतो. हे कसं बांधायचं?

आवरण आणि गाभा हे दोन वेगळे दोर आहेत, एकात एक घातलेले. आधी आवरण हाताने टोकाकडे पुन्हापुन्हा निपटत आणा, दंडावरची बाही खाली ओढावी तसं. जास्तीचा गाभा कापा. मग दाभणाने दोघांच्या आरपार टाके घ्या आणि त्यांच्यावर वेढे द्या. टाक्याशिवाय दिलेले वेढे फक्त आवरणाला धरतात, गाभा आतून पुन्हा जीभ काढतो. घळी इथे नसतात, म्हणून तिरपे टाके नजरेने समान अंतरावर घ्यायचे.

प्रश्न : आमच्या झाडावर चढायच्या दोराचा मध्येच तुकडा पडला. दोन्ही भाग चांगले आहेत. गाठ मारून जोडू की स्प्लाइस करू? स्प्लाइसने ताकद कमी होत नाही असं ऐकलं.

थोडी होते. गाठीत दोर फार लहान वळणावर दुमडतो, आणि दोराच्या ताकदीचा तिसरा हिस्सा ते निम्मी ताकद गाठ खाते. नीट केलेल्या स्प्लाइसमध्ये दहा-पंधरा टक्के जातात. दोन्ही तुकड्यांचे पेड, दोन हातांची बोटं एकमेकांत गुंफावीत तसे, समोरासमोर बसवायचे आणि दोन्ही बाजूंना वरच्याच पद्धतीने विणत जायचं. ओझं बांधायच्या दोराला हे मी डोळे मिटून सुचवलं असतं.

पण तुम्ही त्यावर *चढता*. दोर मध्येच का तुटला? कापला गेला असेल तर गोष्ट वेगळी, पण नुसता घासून किंवा उन्हाने तुटला असेल तर उरलेल्या ‘चांगल्या’ भागांनीही तेवढंच ऊन खाल्लं आहे. एक पेड उलगडून आतली सुतं बघा. भुकटी पडत असेल, रंग आत-बाहेर वेगळा असेल, तर त्या दोराचं वय झालं. ज्याला माणूस लटकतो तो तुटलेला दोर मी जोडत नाही, आणि दुसऱ्याला जोडायलाही सांगत नाही. त्याचे तुकडे करा आणि बॅक स्प्लाइसच्या सरावाला ठेवा, म्हणजे मोहही राहणार नाही.

प्रश्न : मी आठ वर्षांची आहे. माझ्या बुटाच्या नाडीची प्लॅस्टिकची टोपी निघाली. आता नाडी भोकात जात नाही. आजोबा, काय करू?

बाळ, आधी नाडीचं टोक थोडं ओलं कर आणि बोटांत धरून एकाच दिशेने पीळ दे, टोक बारीक होईस्तोवर. वाळू दे. मग पारदर्शक चिकटपट्टीचा तुझ्या नखाएवढा रुंद तुकडा घे आणि टोकाभोवती घट्ट गुंडाळ, तीन-चार फेरे. गुंडाळतानाही पिळाच्याच दिशेने फिरव, नाहीतर दिलेला पीळ सुटेल. शेवटी मोठ्या माणसाकडून कात्रीने पट्टीचं टोक थोडं तिरकं कापून घे. भोकात जाताना सोपं जातं.

दुसऱ्या बुटाची टोपी अजून आहे ना? तीही थोडी हलत असेल. तिलाही आजच पट्टी लाव.